डॉक्युमेंट्रीचा प्रोड्युसर नक्की काय करतो? ५ लाख देतोय म्हणून सगळे राइट्स लिहून द्यावेत का?

कोपीवरचा_कॅमेरा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज विचारायची वेळ आली.

मी मूळची बीड जिल्ह्यातली, धारूरकडची. पुण्यात एका स्टुडिओत एडिटर म्हणून नोकरी करते, लग्नाचे व्हिडिओ, कंपन्यांचे व्हिडिओ असलं सगळं. गेले दोन हंगाम सुट्ट्या साठवून साठवून मामाच्या टोळीबरोबर शिरोळ तालुक्यात जाऊन राहिले, कोपीतच, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, आणि ऊसतोडीवर डॉक्युमेंट्री शूट करतेय. एकटीच आहे. कॅमेरा माझा, माइक एका मित्राचा. साधारण ६० तासांचं फुटेज झालंय.

ऊसतोडीवर म्हणजे आकडे, मोर्चे, पुढाऱ्यांच्या मुलाखती असं काही नाही त्यात. माझी मामी आणि तिची धाकटी जाऊ, या दोघींची फिल्म आहे. पहाटे चारला फडात जातात, दुपारी मोळ्या गाडीत भरून होतात, मग वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायचं, सरपण, पाणी, भाकरी. तोडताना मामी साडीवर मामाचा जुना फुल शर्ट घालते आणि संध्याकाळी कोपीसमोर बसून त्या शर्टात अडकलेली उसाची कुसं एकेक करून चिमटीनं काढत बसते, बोलत काहीच नाही. तो एकच शॉट साडेचार मिनिटांचा आहे आणि खरं सांगायचं तर त्या शॉटसाठीच मला ही फिल्म पूर्ण करायचीय.

आता पैसे संपलेत. स्वतःचे १ लाख ८० हजार गेले. मुंबईतल्या एकांनी माझा ६ मिनिटांचा कट बघितला, त्यांना आवडला, म्हणाले मी प्रोड्युसर म्हणून येतो, ५ लाख टाकतो. चार पानांचा करार पाठवलाय. त्यात असं आहे की फिल्मचे आणि सगळ्या रॉ फुटेजचे सर्व हक्क, जगभर, कायमचे त्यांचे. फायनल कट, म्हणजे एडिटचा शेवटचा शब्द, त्यांचा. मला 'डायरेक्टर' म्हणून क्रेडिट. मी विचारलं तर म्हणाले सगळीकडे असंच असतं, पैसे लावतो तोच प्रोड्युसर.

५ लाख ही माझ्यासाठी फार मोठी रक्कम आहे, नाही म्हणायला जीभ उचलत नाहीये. पण सही करायला हातही धजत नाही. प्रोड्युसर म्हणजे फक्त पैसे देणारा का? मला प्रोड्युसर पाहिजेच का? प्लीज कुणी या लाइनमधलं असेल तर सांगा.

हिशोबवही

ताई, सही करू नकोस, आधी हे वाच.

मी १४ वर्षं डॉक्युमेंट्रीच प्रोड्युस करतेय, स्वतःच्या तीन आणि दुसऱ्यांच्या सहा. 'पैसे लावतो तोच प्रोड्युसर' हे मी पहिल्या वर्षापासून ऐकत आलेय आणि आपल्या कायद्यात तसं लिहिलेलंच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे डायरेक्टर नाही, प्रोड्युसर, आणि प्रोड्युसर कोण, तर ज्यानं फिल्म करायचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी घेतली तो. पैसे हा शब्द त्या व्याख्येत नाही. आता तूच बघ, पुढाकार कुणाचा, दोन हंगाम कोपीत कोण राहिलं. आज या घडीला तुझ्या फिल्मची प्रोड्युसर तू आहेस. तो माणूस प्रोड्युसर म्हणून 'येत' नाहीये, तुझ्याकडं असलेली गोष्ट ५ लाखाला विकत घेतोय. विकायची असेल तर वीक, पण विकतेयस हे कळून वीक. (नोकरीत रुजू होताना सही केलेला कागद एकदा काढून वाच. काही स्टुडिओ लिहून घेतात की नोकरीत असताना केलेलं सगळं काम आमचं. तू सुट्टीत, स्वतःच्या कॅमेऱ्यावर शूट केलंस ही चांगली गोष्ट आहे, पण तरी वाच.)

त्याच कायद्यात अजून एक आहे. हक्क तोंडी देता येत नाहीत, लेखीच लागतात. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणून तर त्यांनी 'जगभर, कायमचे' हे शब्द मुद्दाम घातलेत. वकिलानं घातलेले शब्द आहेत ते, सहज आलेले नाहीत. पैसे घेऊनही राइट्स आपल्याकडं ठेवता येतात. ५ वर्षांचं लायसन्स दे, टीव्ही आणि ओटीटीचं, किंवा कमाईत टक्केवारी दे, को-प्रोड्युसर क्रेडिट दे. रॉ फुटेज मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नकोस, त्याचं कारण खाली सांगते.

प्रोड्युसर काय करतो ते आता. तुझे ६० तास घे. ४के मध्ये १०० एमबीपीएसला शूट केलं असशील तर तासाला ४५ जीबी, म्हणजे २७०० जीबी, २.७ टीबी. तेवढं एका हार्ड डिस्कवर असेल तर आज संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना दुसरी डिस्क घेऊन जा. दोन कॉप्या वेगवेगळ्या घरात, तिसरी पुण्याबाहेर. हे प्रोड्युसरचं काम. मग ते ६० तास बघून, कोण काय बोललं ते टाइमकोडसकट लिहून काढायचं. धारूरकडची बोली आहे, ती मराठी ट्रान्सक्रिप्शनच्या कुठल्याही ॲपला नीट कळणार नाही, बसून लिहायला माणूस लागतो आणि त्याला पैसे द्यावे लागतात. कारखान्याच्या गेटच्या आत, वजनकाट्यावर, ऊस टाकायच्या गव्हाणीवर शूट केलं असशील तर कार्यकारी संचालकाच्या सहीचं पत्र आहे का? ज्या शेतकऱ्याच्या फडात उभी होतीस त्याला विचारलंस का? ड्रोन उडवलास का, उडवला तर कितीचा, कारण २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोचे नियम वेगळे आणि त्यावरच्याचे वेगळे, २०२१ चे ड्रोन रूल्स बघ. एडिट किती आठवडे, साउंड मिक्स कुठं, कलर कुठं, इंग्लिश सबटायटल कोण करणार, कुठल्या फेस्टिवलची तारीख कधी, त्यातलं कुठलं आधी आणि कुठलं नंतर. बजेट म्हणजे हे सगळं एका एक्सेलमध्ये, आणि त्यात स्वतःचा पगार धरायचा. माझ्या पहिल्या फिल्मच्या बजेटमध्ये मी स्वतःला शून्य लिहिलं होतं आणि दोन वर्षांनी घरचं भाडं थकल्यावर कळलं की ती फिल्म मी भाड्याच्या पैशातून केली.

वेळ किती लागतो तेही ऐकून ठेव. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारापासून सुरू केली आणि २०११ ला पूर्ण केली, १४ वर्षं. एवढी वर्षं थांबता आलं कारण फिल्म त्यांची होती, कुणी तारीख लावून मागे बसलेलं नव्हतं. तुझ्या करारात 'डिलिव्हरी ६ महिन्यांत' असं काही आहे का बघ बरं.

बूमपोल

हिशोबवहीताईंनी मोठ्ठं सांगितलंय, मी फक्त आवाजाचं बोलतो, कारण आवाजामुळं अडकलेल्या फिल्म्स मी फार बघितल्यात.

मामी शर्ट घालते म्हणालीस ना, लेपल माइक त्या शर्टाच्या खिशात किंवा कॉलरला लावला असशील तर पाचट घासल्याची खरखर सगळ्या डायलॉगवर आली असणार. पुढच्या हंगामात माइक शर्टाच्या आत, ब्लाउजच्या गळ्यापाशी लाव, माइकच्या मागं-पुढं मेडिकल टेपचा छोटा त्रिकोण करून, वायरला एक सैल गाठ दे म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. लावताना एखाद्या बाईनंच लावावा, तू आहेसच. आणि फडातला नुसता आवाज, कुणी बोलत नसताना, रोज दोन मिनिटं घेऊन ठेव. पहाटे चारचा फड आणि सकाळी दहाचा फड आवाजात पार वेगळा असतो, एडिटला बसलीस की तो आवाज मागशील आणि तेव्हा तिथं सगळा फड तोडून झालेला असेल.

दुसरं महत्त्वाचं. ट्रॅक्टरवर गाणी वाजत असतात. सिनेमाचं गाणं मागं वाजतंय आणि त्याच्यावर मामीचा सगळ्यात भारी डायलॉग, असं झालं असेल तर आत्ताच वेगळं काढून ठेव. फिल्ममध्ये ते गाणं ऐकू आलं की म्युझिक कंपनीकडून लायसन्स घ्यावं लागतं आणि ते तुझ्या आख्ख्या बजेटपेक्षा जास्त निघू शकतं. ओटीटीवाले क्यू शीट मागतात, त्यात सेकंदासेकंदाचं लिहावं लागतं की कुठलं संगीत कुणाचं. ड्रायव्हरला प्रेमानं सांगायचं, दादा पाच मिनिटं टेप बंद करा. बायका ओव्या म्हणत असतील तर ओवी परंपरेची, पण गळा त्या बाईचा आहे, तिचं नाव क्रेडिटला आणि मानधन तिच्या हातात.

कोपीवरचा_कॅमेरा

बाप रे. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, निदान चार ठिकाणी आहे. ड्रोन नाही, गेटच्या आत गेले नाही, हे बरं झालं म्हणायचं. डिलिव्हरी आहे करारात, ५ महिने.

ताई, रॉ फुटेज देऊ नको म्हणालात त्याचं कारण राहिलं. आणि मला अजून एक विचारायचंय, हे आधी लिहिलं नव्हतं. फुटेजमध्ये एके रात्री मामी उचलीबद्दल, म्हणजे हंगामाआधी टोळीच्या मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांबद्दल, बोललीय. किती घेतली, मुकादमानं वहीत किती लिहिली, जावेच्या आजारपणात काय झालं, सगळं. फिल्मचा कणा आहे तो २० मिनिटांचा भाग. मुंबईच्या त्या सरांना तोच सगळ्यात जास्त आवडलाय. रिलीज फॉर्मवर (चित्रण वापरायच्या परवानगीचा कागद) मामीची सही घेतलीय मी, मामाचीही. मग कायद्यानं ठीकच आहे ना?

वाडीवरचा_मास्तर

मी फिल्मवाला नाही. झेडपीचा मास्तर आहे, बीड जिल्ह्यातच. माझे मायबाप २२ वर्षं कोयता घेऊन गेले, लहानपणी मी पण कोपीत राहिलोय, म्हणून लिहितोय, रागावू नको बाई.

एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल दोघांच्या नावावर. हंगामात ती फिटली नाही तर राहिलेली बाकी पुढच्या सालाला लागते आणि पुढच्या सालाला त्याच मुकादमाच्या गाडीत बसावं लागतं. तुझी मामी रात्री चुलीपाशी बोलली ते तुझ्याशी बोलली, भाचीशी. कॅमेरा तुझ्या हातात होता एवढंच. मुकादमानं ते मोबाइलवर बघितलं तर तुझ्या मामाला पुढच्या दसऱ्याला कोण उचल देणार? तू पुण्यात असशील तेव्हा.

२०१९ ला ऊसतोडीच्या बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं समिती नेमली, तेव्हा आमच्या गावात गाड्याच गाड्या आल्या होत्या कॅमेरेवाल्यांच्या. देवळासमोर बायका बसवल्या आणि एकानं विचारलं, ज्यांची पिशवी काढलीय त्यांनी हात वर करा. भर चौकात. सासरे, दीर, पोरं समोर उभी. माझ्या चुलतीनं हात वर केला. त्या दिवसाची क्लिप कुणीतरी अजून व्हॉट्सॲपवर फिरवतं. चुलती गेल्या साली वारली, क्लिप आहेच. तिनं पण कुठल्यातरी कागदावर अंगठा दिला होता म्हणे.

सहीचं म्हणशील तर, नात्यातलं माणूस नाही म्हणू शकत नाही गं. भाची एवढी शिकली, पुण्यावरनं आली, चार महिने आपल्यासारखी खाली झोपली, तिला नाही कसं म्हणायचं? सही कायद्याला चालत असंल. मला एवढंच विचारायचंय की मामीला तू नाही म्हणायची जागा ठेवलीस का.

हिशोबवही

मास्तर, तुम्ही लिहिलंत ते मी लिहिणारच होते, पण मला एवढं नीट लिहिता आलं नसतं. चुलतीचं वाचून थांबले जरा वेळ.

ताई, रॉ फुटेज का द्यायचं नाही त्याचं कारण हेच. आज तू मामीला शब्द देऊ शकतेस की हा भाग नको असेल तर काढते. सगळं फुटेज आणि फायनल कट लिहून दिलास की तुझ्या शब्दाला काही किंमत उरत नाही. तो माणूस वाईट असेलच असं नाही, पण त्याच्याकडून ते फुटेज उद्या एखाद्या चॅनलला गेलं, त्यांनी २० मिनिटातली ४० सेकंदं कापून वर मोठ्ठं टायटल टाकून चालवली, तर तू काय करणार? मामीला काय सांगणार? फिल्मचा हक्क आणि मामीला दिलेला शब्द एकाच हातात राहिला पाहिजे.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगते. २०१६ ची फिल्म, एडिट लॉक म्हणजे पक्का झालेला, साउंड मिक्स झालेला, फेस्टिवलमध्ये निवड झालेली. फिल्ममधल्या एका मुलीचं मधल्या काळात लग्न ठरलं. फॉर्मवर तिची सही होती, सज्ञान होती. तिचा फोन आला, ताई माझं ते बोलणं काढाल का. माझा वकील म्हणाला काढायची गरज नाही, डायरेक्टर म्हणाला फिल्मच कोसळेल. आम्ही ११ मिनिटं काढली, पुन्हा एडिट, पुन्हा मिक्स, खर्च माझ्या खिशातून आणि त्या फेस्टिवलची तारीख हुकली. पुढं सहा महिन्यांनी दुसरीकडं दाखवली. ती मुलगी नवऱ्याला घेऊन स्क्रीनिंगला आली होती, पहिल्या रांगेत बसली.

तर आता करायचं असं. मामीकडं तू जाऊ नकोस, दुसऱ्या कुणा बाईला पाठव, तुझ्या नात्यातली नको. लॅपटॉपवर तिला ते २० मिनिटं दाखवायचे, मामा समोर नको, एकटीला. समजावून सांगायचं की हे कुठं कुठं दिसू शकतं, गावात, मोबाइलवर, मुकादमापर्यंत. तिचं उत्तर मराठीत कॅमेऱ्यावर घ्यायचं आणि त्यात हेही सांगून ठेवायचं की लॉक होईपर्यंत कधीही मत बदलू शकतेस. जावेलाही तसंच, वेगळं बसवून, कारण आजारपण तिचं आहे, ते मामीनं सांगितलंय. कोपीतली लहान पोरं दिसत असतील तर कुठल्या शॉटमध्ये कशी दिसतात तेही बघ.

आता पैशाचं. आपल्याकडं डॉक्युमेंट्रीला पैसा देणारी दारं कमी आहेत आणि आहेत ती लांब आहेत. कोलकात्याचं डॉकएज २००४ पासून चालू आहे, तिथं प्रोजेक्ट मांडायचं, बाहेरचे कमिशनिंग एडिटर्स (चॅनलसाठी फिल्म निवडणारे) येतात, आणि नुसतं ऐकायला मिळालं तरी आपली फिल्म दोन वाक्यांत सांगायला शिकतो माणूस. मुंबईचा मिफ हा फेस्टिवल दोन वर्षांनी एकदा असतो, २०२४ ला त्यांनी डॉक बाजारही भरवला. बाहेरचं म्हणशील तर ॲमस्टरडॅमच्या इडफा या डॉक्युमेंट्री फेस्टिवलचा बर्था फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या डायरेक्टर्ससाठी आहे. अर्ज सगळे इंग्लिशमधून, पण आधी मराठीत लिही आणि मग करून घे, थेट इंग्लिशमध्ये लिहिलं की आपण 'वंचित', 'शोषित' असल्या शब्दांमागं लपतो. शर्टाच्या शॉटचं जसं तू वर लिहिलंयस तसंच लिही, त्याच्यापेक्षा चांगला पहिला परिच्छेद मला तरी सुचत नाही.

परदेशी पैसा घेण्याआधी मात्र सीए गाठ. परदेशी देणग्यांवरचा २०१० चा एफसीआरए कायदा आहे, २०२० ला तो अजून कडक झाला, नोंदणी असलेल्या संस्थेलाही आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खातं उघडावं लागतं. धंद्याच्या ओघात सेवेचा मोबदला म्हणून आलेली फी त्यात धरत नाहीत, त्यामुळं करारात 'ग्रँट' लिहिलंय का 'लायसन्स फी' या एका शब्दावर सगळं फिरतं. हे आपण ठरवायचं नाही, सीएनं.

आणि फिल्म झाली की उत्साहात युट्यूबवर पब्लिक टाकू नकोस. बरेच फेस्टिवल प्रीमियर मागतात, एकदा नेटवर आली की ते दार बंद. सेन्सॉरचं सर्टिफिकेट जाहीर प्रदर्शनाला लागतं, फेस्टिवलसाठी आयोजक मंत्रालयाकडून सूट काढतात, त्यामुळं त्याचा खर्च पहिल्या दिवशी धरू नकोस.

त्या सरांना उलटा प्रस्ताव पाठव. ५ लाख, को-प्रोड्युसर क्रेडिट, भारतातल्या टीव्ही-ओटीटीचं ५ वर्षांचं लायसन्स, कमाईत हिस्सा, रॉ फुटेज आणि फायनल कट तुझ्याकडं. नाही म्हणाले तर नाही. ट्रान्सक्रिप्ट आणि रफ कट एवढं तुला पगारातूनही होईल, सावकाश.

बूमपोल

मिक्स कुठं करायचं ते माझ्यावर सोड, पुण्यातच आहे मी. मेसेज कर.

कोपीवरचा_कॅमेरा

उशिरा लिहितेय, सॉरी. मधे १९ दिवस गेले.

मास्तर, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. रागावले नाही, पण चटका बसला.

पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, मामा-मामी गावाकडं आलेत. माझी एक मैत्रीण अंबाजोगाईला नर्स आहे, ती लॅपटॉप घेऊन गेली, मी वेशीवरच्या टपरीपाशी थांबले. पाऊण तास लागला. मामीनं सगळे २० मिनिटं बघितले, मधे एकदा थांबवून चहा ठेवला म्हणे. कॅमेऱ्यावर तिनं सांगितलं की उचलीचा आकडा आणि वहीचं काढून टाक, मुकादमाचं नाव काढून टाक, जावेला विचार तिचं तिला. आणि शर्टाचं राहू दे म्हणाली, ते मलाबी आवडलं, मी अशी बसते हे मला ठाऊक नव्हतं.

जावेनं मात्र नकार दिला. आजारपणाचं सगळं काढलं. २० मिनिटांतले साडेसहा उरलेत. परवापासून पुन्हा पहिल्यापासून कट लावायला बसलेय.

सरांना मेल केलाय ताईंनी सांगितला तसाच. उत्तर नाही अजून. डिस्क घेतली, एक धारूरला ठेवली आईकडं, पत्र्याच्या पेटीत, धान्याच्या कोठीच्या वर.

बूमपोल दादा, मेसेज केलाय, बघा.